पाळण्यातली धोंडी

हसा, हसा धोंडाआत्याच्या नावाला! दात काढून झाले असतील तर पांघरुणात शिरा आणि ऐका. गुंड्या, पाय आत घे. या गोष्टीत पाय बाहेर ठेवलेला बरा नव्हे.

एकदा काय झालं, रानाच्या कडेला एक गाव होतं. गावाबाहेर विहीर, आणि विहिरीत जखीण. केस पाण्यावर पसरलेले, आणि कान हे एवढे सुपाएवढे. तिला लहान मुलं लागायची. पण ज्याचं नाव ठाऊक तेच मूल तिला उचलता यायचं, बरं का. म्हणून ती बारशाला यायची. भिंतीला बाहेरून कान लावायची. आत्यानं बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगितलं, की हिनं ऐकलंच.

त्या गावात सरू नावाची बाई होती. तिला मुलगी झाली. सरूच्या नणंदेनं, गोदानं, तिचं नाव ठेवलं मैना. तिन्हीसांजेला दारातून हाक आली, "मैनाऽऽ!" आणि पाळणा हलका झाला. नुसतं दुपटं उरलं.

मग दुसरी झाली. गोदानं ओठ अगदी कानाला लावून सांगितलं, चिमणी. तिन्हीसांजेला हाक आलीच. तोही पाळणा रिकामा.

मग तिसरी झाली. सरू तिला छातीशी धरून बसली. "वन्सं, हिला नाव नको. बारसं नको. ही अशीच राहू दे."

"वहिनी, बिननावाची पोर किती दिवस राहील? कुणीतरी लाडानं काहीतरी हाक मारेलच. आणि ती मेली ऐकत बसलीय."

गोदाही रडत होती हो. दोन्ही नावं तिच्याच तोंडून गेली होती ना.

मग गोदानं स्वयंपाकघरातला वरवंटा उचलला. त्याला न्हाऊ घातलं, तेल लावलं, कुंची चढवली आणि पाळण्यात निजवलं. खरं बाळ ठेवलं धान्याच्या रिकाम्या कणगीत, मऊ चिंध्यांवर. मग वरवंट्याच्या कुंचीला तोंड लावून ती मोठ्यानं म्हणाली, "कुर्रर्र! धोंडी!"

तिन्हीसांज झाली. विहिरीकडून हाक आली, "धोंडीऽऽ!" पाळणा हलला नाही. मग हाक दारात आली, "धोंडीऽऽ!" तरी पाळणा जडच. तिसरी हाक थेट घरात आली. ओली पावलं वाजली, चप, चप, चप. आणि नेमकी तेव्हाच कणगीतली पोर कुरकुरली.

जखीण थांबली. कणगीवर वाकली. तिच्या केसांचं पाणी पोरीच्या कपाळावर टपटपलं.

"हिचं नाव काय गं?"

सरूनं पदर तोंडात कोंबला.  पण गोदा बोलली. "हिला नाव नाही. नाव पाळण्यातलीला आहे. धोंडी."

जखीण पाळण्याकडे वळली. तिनं वरवंटा कुंचीसकट गटकन गिळला आणि निघाली. विहिरीत उतरली, ती पोटातल्या धोंड्यानं खाली, खाली, पार तळाला गेली. थोडे बुडबुडे आले. मग तेही थांबले.

मैना आणि चिमणी? नाही रे राजा, त्या नाही परत आल्या. सरू त्यांच्यासाठी रोज दिवा लावायची.

गोदा म्हणाली, "वहिनी, आता भीती गेली. पोरीला छानसं नाव ठेवू. रत्नमाला ठेवू."

सरू म्हणाली, "नको वन्सं. ज्या नावानं राखली, तेच असू दे."

मग ती पोर झाली धोंडी. खडखडीत वाढली, सुखानं नांदली, म्हातारी होऊन नातवंडांवर ओरडलीसुद्धा. तेव्हापासून त्या गावात बारशाला बाळाआधी वरवंटा पाळण्यात जाऊ लागला. आणि ज्या घरचा पाळणा रिकामा झाला, तिथं पुढच्या मुलीला धोंडी म्हणू लागले.

आपल्या धोंडाआत्याच्या आधीही तुमच्या आजीला, माझ्या सासूबाईंना, दोन मुली झाल्या होत्या. त्यांची नावं मला ठाऊक आहेत. पण दिवेलागणीनंतर मी ती तोंडातून काढत नाही.

चला, मिटा डोळे. सकाळी धोंडाआत्या आली की तिला नावानं हाक मारा. चांगली मोठ्यानं मारा. त्या नावाला भ्यायचं कारण नाही.