टिटवीचा शेरा

कार्तिक वद्य पंचमी. पहाटेपासून दाट धुके, वारा पडलेला.

तळ्याच्या राज्यात रीत अशी होती की प्रत्येकाने दहा माशांतला एक सामाईक डबक्यात सोडायचा आणि ज्यांची चोच थकली त्यांना त्यातून दोन वेळा पोचवायचे. यंदा सभेला बांधावर स्वागताची कमान हवी होती. तिचे कारागीर त्याच डबक्यातून जेवू लागले, तेव्हा सभेने टिटवीला थकलेल्यांच्या पाहणीवर धाडले.

खंड्या त्या सकाळी तीनदा उडाला आणि तीनदा परत बसला. आंधळ्या ढोकरी बगळीला सात वर्षे डबक्यातला मासा तोच भरवीत होता.

"आक्का, टिटवीबाई येतायत. खरं काय ते सांगा. दिसत नाही, पाय लटपटतो, सगळं."

"सांगते रे बाबा. तू आधी एका जागी बस. तुझ्या फडफडीनं माझं डोकं उठलं."

टिटवी आली. मासा नेणाऱ्याने मध्ये बोलायचे नाही, असा नियम. खंड्या चोच मिटून नुसती शेपटी उडवत राहिला.

"काय आक्का, कसं काय?"

ढोकरीने मान सावरली, पिसे नीट केली. कुणी विचारल्याबरोबर आपले दुखणे काढू नये, दुसऱ्यांदा विचारले की सांगावे, असे तिला आईने शिकवले होते.

"बरं आहे, बाई. तुमचं?"

टिटवीने दुसऱ्यांदा विचारले नाही. ओल्या गाळावर पायाने शेरा उमटवून ती पुढच्या खोडाकडे चालू लागली.

सभेत सभापती पाणकावळ्याने शेरे वाचले. एक्केचाळीस थकलेल्यांपैकी अडतीस बरे झाले होते.

खंड्याला राहवेना. "अहो, ती आपलं म्हणायचं म्हणून म्हणाली!"

"असं? मग आम्हीही आपलं ऐकायचं म्हणून ऐकलं," पाणकावळा म्हणाला. "बऱ्याला औषध पाजलं तर तो आजारी पडतो, खंडूशेठ." सभा खो खो हसली.

खंड्याची नेमणूक कमानीवर झाली. कारागिरांना मासे पुरवून उरल्या उजेडात तो स्वतःसाठी बुडी मारी, आणि जे मिळेल ते घेऊन तळ्याच्या दुसऱ्या टोकाला ढोकरीकडे सुटे. पहिल्या दिवशी एक मासा पोचला. दुसऱ्या दिवशी बोटभर कोळंबी.

"पोट भरलं का, आक्का?"

"भरलं की. तू खाल्लंस ना?"

त्याने एकदाच विचारले आणि घाईने परत फिरला. वाटेत ते त्याच्या ध्यानात आले, पण अंधारून आले होते. पुढचे तीन दिवस कमानीचे काम रेंगाळले म्हणून कोणालाच सोडले नाही.

कार्तिक वद्य त्रयोदशी. आकाश निरभ्र, थंडी. कमान उभी राहिली. टिटवी फेरपाहणीला निघाली, खंड्या तिच्या पुढे उडत गेला. ढोकरीच्या खोडावर कोणी नव्हते. खाली पाण्यावर चार करडी पिसे होती. टिटवीने ढोकरीला हाक मारली, थोडा वेळ थांबली. मग गाळावर शेरा उमटवला: तक्रार नाही.