एकशे सतरा वेळा पडलेला माणूस

एकदा एक नट आपल्या वाढदिवसाला चाळीस माणसांचे जेवण करवून दारात वाट पाहत उभा राहिला. ही गोष्ट फिलिपाईन्समधली, समुद्रात विखुरलेल्या हजारो बेटांच्या देशातली. तिथे वाढदिवसाला लांबच लांब शेवया करतात. शेवई न तोडता खाल्ली की आयुष्यही तितकेच लांबते, अशी त्यांची श्रद्धा आहे. नटाचे नाव देल्फिन. मारामारीच्या चित्रपटांचा तो एके काळचा राजा होता. सव्वीस वर्षे त्याने पडद्यावर माणसे लोळवली. त्याने मूठ आवळली की थिएटर डोक्यावर घेतले जाई, आणि त्याच्या वाढदिवसाला फाटकाबाहेर दूरवर रांग लागे. या वर्षी तीन माणसे आली. त्यांतला एक शेजारच्या घरी जायचा, तो चुकून इकडे शिरला आणि खाऊन गेला.

पत्नी मुलीकडे परदेशी राहत होती. ती परत येणार नाही हे दोघांनाही ठाऊक होते, पण तसे कुणी म्हणत नव्हते. पाहुणे गेल्यावर देल्फिनने शेवयांची परात झाकली आणि त्या भल्यामोठ्या दिवाणखान्यात एकटाच बसून राहिला. मला या माणसाची दया येते, हे आधीच सांगून टाकतो. त्याचे चुकले होते, तरीही येते.

सात वर्षे त्याला काम नव्हते. त्याच आठवड्यात एक तरुण दिग्दर्शक घरी आला. एका नव्या नायकाच्या चित्रपटात म्हाताऱ्या खलनायकाची भूमिका होती, चांगली मोठी. मात्र शेवटच्या मारामारीत नायकाच्या हातून त्याला पडायचे होते. देल्फिनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपण आजवर पडद्यावर कधी पडलो नाही, हे त्याने ठणकावून सांगितले. ते खरेही होते, कारण त्याच्या प्रत्येक करारात तसे कलमच असे. मारणाऱ्याची भूमिका द्या मला, तो म्हणाला, मूठ अजून तीच आहे. दिग्दर्शक सभ्य होता. त्याने स्टुडिओच्या आवारात दोन नव्या पडणाऱ्यांना, म्हणजे पडद्यावर मार खाऊन पडायचे काम करणाऱ्यांना, देल्फिनसमोर उभे केले आणि पाहू म्हणाला.

या धंद्यात मूठ लागत नाही, हे वाचकांना माहीत असेलच. ती हनुवटीपासून वीतभर अंतरावरून जाते. समोरचा माणूस मान झटकतो, गिरकी घेतो आणि जमिनीवर कोसळतो. त्या दोघांनी मान झटकली, थोडे मागे सरकले, आणि देल्फिनचा तो सुप्रसिद्ध ठोसा माशी हाकलल्यासारखा दिसला. दिग्दर्शकाने नजर खाली वळवली. खलनायकाची भूमिका अजून तुमचीच आहे, रविवारपर्यंत कळवा, नंतर मला दुसऱ्या कुणाला तरी विचारावे लागेल, एवढे बोलून तो गेला.

देल्फिनची खात्री पटली की दोष त्या नव्या माणसांचा आहे. त्यांना पडता येत नाही. आणि मग त्याला एक माणूस आठवला, ज्याला पडता येत असे. त्याचे नाव काही केल्या आठवेना. शेवटी जुन्या कॅमेरामनला फोन करून त्याने ते विचारून घेतले. इलोय. समुद्राकाठच्या एका गावात तो आता राहत होता. त्याला घेऊन यावे, दिग्दर्शकासमोर उभे करून एकच ठोसा मारावा, की सगळे जिथल्या तिथे येईल, असे देल्फिनने ठरवले.

बुधवारी तो त्या गावी पोहोचला. इलोय बहात्तर वर्षांचा झाला होता. माडाच्या पातीतले हीर काढून तो अंगणात खराटे बांधत बसला होता. गावात त्याला सगळे ताताय इलोय म्हणत. ताताय म्हणजे आपल्याकडचे बाबा. कुणाचे भांडण असो, कुणाला शहरात जायचे असो, माणसे त्याच्या अंगणात येऊन बसत, आणि तो फार थोडे बोले. देल्फिनने मागून, डाव्या बाजूने हाक मारली. म्हाताऱ्याने वळून पाहिले नाही. दुसऱ्यांदा हाक मारली, तरीही नाही. देल्फिनला तो अहंकार वाटला. कुंपणापलीकडून शेजारची म्हातारी म्हणाली की त्या बाजूच्या कानाने त्यांना ऐकू येत नाही, तुम्ही समोर जा.

समोर गेल्यावर इलोय उठला. "बॉस," तो म्हणाला, आणि बसायला बाकडे पुसून दिले. सेटवर सगळे पडणारे देल्फिनला बॉसच म्हणत.

देल्फिनने आपले काम सांगितले. नव्यांना पडता येत नाही, तुम्ही रविवारच्या आत एकदा माझ्याबरोबर चला. इलोयने हातातला खराटा बांधून पूर्ण केला, बाजूला ठेवला आणि अंगणाच्या मधोमध वाळूत जाऊन उभा राहिला.

"मारा," तो म्हणाला.

देल्फिनच्या अंगात जुनी वीज सळसळली. पाय रोवून त्याने पूर्वीसारखा ठोसा फेकला. मूठ वीतभर अंतरावरून गेली. इलोय जागचा हलला नाही. त्याने मानही झटकली नाही. देल्फिनला वाटले, म्हाताऱ्याचा अंदाज चुकला असेल. त्याने पुन्हा मारले. इलोय तसाच उभा, डोळे देल्फिनच्या चेहऱ्यावर. तिसऱ्यांदा मारताना देल्फिनचा तोल जाऊन तो स्वतःच दोन पावले पुढे धडपडला, आणि कुंपणापलीकडची म्हातारी हसली.

मग जे झाले ते त्या धंद्यात कुणी करत नाही. देल्फिनने रागाच्या भरात मूठ वीतभर लांब ठेवली नाही. ती इलोयच्या ओठावर लागली आणि रक्त आले. म्हातारा तेव्हाही पडला नाही. त्याने शांतपणे रांजणातले पाणी घेऊन तोंड धुतले आणि आत जाऊन दोन पानांवर भात आणि तळलेले मासे वाढले. देल्फिनला मेल्याहून मेल्यासारखे झाले होते. निघून जावे तर शेवटची बस गेली होती. इलोयने त्याला आत चटई घालून दिली.

सकाळी उठल्यावर देल्फिन क्षमा मागायला म्हाताऱ्यासमोर जाऊन बसला. क्षमेचे शब्द त्याला येत नव्हते, चित्रपटांतही त्याने ते कधी म्हटले नव्हते. म्हणून त्याने विचारले, "तुमच्या कानाला काय झाले?"

इलोयने सांगितले ते असे. एका चित्रपटात देल्फिनने त्याला जवळून गोळी घालायची होती. पिस्तूल खोटे होते, आवाज खरा होता. ते कानाला जरा जास्त जवळ धरले गेले. तो प्रसंग पुढे खूप गाजला. त्या दिवसापासून त्याचा डावा कान गेला, आणि मारामारी बसवणारा एक, दोन, तीन असे मोजायचा ते त्याला ऐकू येईनासे झाले. मग कधी पडायचे हे कळावे म्हणून तो देल्फिनच्या डोळ्यांकडे पाहू लागला. देल्फिनचे डोळे मात्र कॅमेऱ्याकडे असत. तेव्हा त्याने खांद्यावरून अंदाज घ्यायला शिकून घेतले.

"मला हे कुणीच सांगितले नाही," देल्फिन म्हणाला.

"ऐकायला तुम्ही कधी थांबला होता, बॉस?" इलोय म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि देल्फिनला तेच सोसवेना.

"मग काल तुम्ही पडला का नाहीत?"

म्हाताऱ्याने हातातले हीर खाली ठेवले. आयुष्यात फार थोडे बोललेला माणूस बोलायला लागतो तेव्हा अडखळतो, तसा तोही आधी अडखळला.

"मी तुमच्या हातून एकशे सतरा वेळा पडलो. मी मोजले नव्हते, माझी बायको मोजायची. प्रत्येक चित्रपटाला जायची, मला मरताना बघायची, आणि घरी आली की माझ्या पाठीवरून हात फिरवून बघायची की मी आहे. तुमची मूठ मला कधीच लागली नाही, बॉस. ती लागली असे लोकांना दिसायचे, कारण मी पडायचो. तुमचे बळ माझ्या पाठीत होते. काल मी पडलो नाही, कारण तुमच्यासमोर कुणी नसले तर तुम्ही कसे दिसता, हे तुम्हाला एकदा दिसायला हवे होते. तुम्ही तसे सात वर्षे घरी बसून दिसता आहात. पण तिथे तुम्हाला सांगणारे कुणी नाही."

त्याने खाली ठेवलेले हीर एका जुडीत सारखे केले.

"आम्हा पडणाऱ्यांमध्ये एक रीत होती. 'कट' म्हटले की ज्याने पाडले त्याने हात देऊन उठवायचे. एवढेच. त्याने पडलेल्याला कळते की ते खोटे होते. तुम्ही मारले की तुमचा छत्रीवाला धावत यायचा आणि तुम्ही छत्रीखालून निघून जायचा. मी दरवेळी क्षणभर जास्त पडून राहायचो. वाटायचे, आज बॉस वळतील. मग आपणच उठून धूळ झटकायचो. सव्वीस वर्षे मी तुमची मूठ पाहिली. तळहात कसा आहे ते मला ठाऊक नाही."

देल्फिनने आपल्या हाताकडे पाहिले. काल त्या हाताने या माणसाला पहिल्यांदा स्पर्श केला होता, आणि तोही मूठ होऊन. त्याला आपला वाढदिवस आठवला. झाकलेली परात आठवली. जी माणसे आली नाहीत त्यांच्यावर तो आठवडाभर चिडून होता. त्यांतल्या किती जणांची नावे आपल्याला येतात, हे त्याने मनाशी मोजून पाहिले, आणि मोजणे लवकरच संपले.

इलोय पुन्हा वाळूत जाऊन उभा राहिला. "आता मारा. माझ्याकडे बघून."

देल्फिनने नको म्हटले. म्हातारा ऐकेना. शेवटी देल्फिन उभा राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने समोरच्याच्या डोळ्यांत पाहून ठोसा फेकला. मूठ वीतभर लांबून गेली. इलोयची मान फिरली, पाय जमिनीवरून सुटले, आणि तो बहात्तर वर्षांचा देह हवेत वळून धाडकन वाळूत आदळला. कुंपणापलीकडची म्हातारी हातातले टाकून उभी राहिली. ठोसा इतका अप्रतिम दिसला की क्षणभर देल्फिनची छाती फुगली. खोटे कशाला सांगू, फुगली. सवयीने तो वळलाही.

मग त्याच्या लक्षात आले की मागे कुणी उठल्याचा आवाज आला नाही. म्हातारा तसाच पडून होता, डोळे उघडे, त्याच्याकडे पाहत. देल्फिन परत फिरला, वाकला आणि हात उघडून पुढे केला. इलोयने तो धरला. उठल्यावरही लगेच सोडला नाही.

"मऊ आहे," तो म्हणाला. मग आयुष्यात प्रथमच त्याने त्याला नावाने हाक मारली. "देल्फिन, आता तू पड. मी शिकवतो."

तीन दिवस देल्फिन वाळूत पडत राहिला. खांदा कसा टेकवायचा, श्वास केव्हा सोडायचा, आणि जमिनीला लागेपर्यंत मारणाऱ्याच्या चेहऱ्यावरची नजर कशी हटू द्यायची नाही, हे त्याने शिकून घेतले. अंग ठणकत असे. रविवारी गावातल्या दुकानातून त्याने दिग्दर्शकाला फोन केला आणि भूमिका स्वीकारली. कलमाचे काय, असे दिग्दर्शकाने विचारले. ते खोडून टाका, तो म्हणाला.

चित्रीकरणाच्या दिवशी भर उन्हात शेवटची मारामारी झाली. नव्या नायकाने आधी चार जणांना पाडले, मग देल्फिनला. देल्फिन त्याच्या तोंडाकडे पाहत पडला. तो तरुण कॅमेऱ्याकडे पाहत होता. 'कट' झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, छत्रीवाला धावत आला, आणि नायक छत्रीखालून निघून गेला.

देल्फिन क्षणभर जास्त पडून राहिला. जमीन तापलेली होती. तो एकच क्षण किती लांब असतो हे त्याला तेव्हा कळले, आणि म्हाताऱ्याने असे एकशे सतरा क्षण काढले होते. त्याचे डोळे भरून आले. कुणी पाहिले नाही, कारण पडलेल्या खलनायकाकडे कुणी पाहत नसते.

ही गोष्ट सांगितली की लोक मला विचारतात, तो तरुण नायक मग वळला का? मला ठाऊक नाही. त्याला त्याचा इलोय अजून भेटायचा असेल.

देल्फिन आपला आपण उठला. आजूबाजूला ते चार जण धूळ झटकत उठू लागले होते. तो पहिल्याजवळ गेला आणि हात पुढे केला. मग दुसऱ्याजवळ, तिसऱ्याजवळ. प्रत्येकाला त्याने नाव विचारले आणि ते मनाशी दोनदा म्हणून पाहिले. चौथा संकोचून तसाच बसून राहिला. तो म्हणाला की बॉस, तुम्ही कशाला, आम्हाला पाडले ते तर त्यांनी.

देल्फिनने उघडा हात मागे घेतला नाही.

"मला थोडा उशीर झाला आहे," तो म्हणाला. "उठ."