खोटेपणाचे एकेचाळीस शब्द

“मग गाढवालाही लुआ आणि फसवण्यालाही लुआच?”

“हो.”

“असं का?”

“गाढवाला विचार.”

उत्पला गजभिये हसली नाही. नागपूरहून हनोईजवळच्या या विहारात येऊन तिला अकरा महिने झाले होते. व्हिएतनामी भाषेत खोटेपणाला किती शब्द आहेत, यावर तिचा प्रबंध चालला होता. एकेचाळीस जमले होते. तोंडाने बोललेलं खोटं म्हणजे नॉय झोय. सोंग म्हणजे झा वऽ. मन न लावता उरकलेलं कामसुद्धा झोय, म्हणजे खोटंच.

समोर तिच्या गुरू बसल्या होत्या. ऐंशी वर्षांच्या भिक्खुणी. सगळे त्यांना सू बा म्हणत. त्या नाळीची भाजी निवडत होत्या.

उत्पलाने कागद पुढे केला.

“मला भाषा येते, एवढं लिहून सही करा. उद्या विमान आहे. हा कागद नसेल तर विद्यापीठ प्रबंध घेणार नाही. तीन वर्षं फुकट जातील.”

सू बांनी हात पुसले. दोनच शब्द लिहिले. हॉक झा. सही न करताच कागद परत दिला.

उत्पला खुलली. हॉक झा म्हणजे विद्वान.

मग तिचा चेहरा उतरला. झा म्हणजे खोटंही. हॉक झा म्हणजे खोटं शिकणं. अक्षरं तीच, उच्चार तोच.

“यातला कुठला अर्थ?”

सू बांनी पुढची जुडी सोडली.

“सू बा, कुठला?”

त्यांनी एक पिवळं पान खुडून बाजूला टाकलं.

“हे बरं आहे तुमचं! अवघड प्रश्न आला की गप्प बसायचं, आणि आम्ही त्याला ज्ञान समजायचं. भाषा येत नाही असं वाटतं ना? मग तोंडावर सांगा. वय झालं म्हणून कोडी घालायची सूट मिळत नाही. झा वऽ आहे हे सगळं. सोंग! मी नाही ऐकून घेणार!”

पलीकडे भांडी घासणाऱ्या भिक्खुणींचे हात थांबले.

सोंग एक वेळ खपलं असतं. ‘मी’ खपणारं नव्हतं.

तिथे गुरूंसमोर कुणी स्वतःला मी म्हणत नाही. कॉन म्हणायचं. लेकरू. उत्पला अकरा महिने न चुकता कॉन म्हणत आली होती. आत्ता तिच्या तोंडून निघालं होतं ‘तोय’. मान ताठ ठेवून म्हटलेलं मी.

तिच्या लक्षात आलं. सवयीने हात जोडले गेले...

तिने ते खाली सोडले.

“मीच म्हणाले,” ती म्हणाली. “तोय. परत म्हणेन.”

सू बांनी भाजी बाजूला सारली. पुन्हा हात पुसले.

“आण तो कागद,” त्या म्हणाल्या. “अकरा महिने समोर नुसतं कॉन होतं. सही कुणासाठी करायची, तेच कळत नव्हतं.”