ठकू भोईण आणि आसरांचं बेट

फार वर्षांपूर्वी, आपल्या आज्यांच्या आज्याही जेव्हा परकर नेसून हिंडत होत्या, तेव्हा करंजघाटाला ठकू भोईण नाव चालवायची. नवरा गेल्यावर तिनं वल्हं हातात घेतलं ते घेतलंच. तोंडानं फटकळ, पण घाटावर आलेल्या माणसाला तिनं कधी ताटकळत ठेवलं नाही.

नदीच्या मधोमध बेट होतं. अजून आहे, जाऊन बघा. जांभूळ, उंबर, करंज यांची अशी दाटी की भर दुपारी आत गारवा. पण तिथं कुणी पाय ठेवत नसे. बेट साती आसरांचं, पाण्यातल्या त्या सात बायांचं. बाईमाणूस एकटं सापडलं की त्या ठेवूनच घेतात, असं म्हणतात. ठकू मात्र उन्हाळ्यात खुशाल तिथं नाव लावायची आणि मोठ्या जांभळीखाली आडवी व्हायची. कुणी हटकलं तर म्हणायची, "आसरा बी बायाच हायेत की. माझ्या झोपंवर त्या कशाला उठतील?"

त्या साली इंगळ्यांच्या सुनेचं, गजराचं, पहिलं लेकरू पाळण्यातच गेलं. तेव्हापासून पोरीची वाचा बसली. अंगारे झाले, धुपारे झाले, गुण काही येईना. पहाटे उठून घरचं सगळं मुकाट्यानं करायची आणि दिवसेंदिवस वाळत चालली होती. शेवटी घरच्या पुरुषांनी ठरवलं, हिला पलीकडं माहेरी पोचवा, कायमचीच. माहेर तरी कसलं? आईबाप गेलेले आणि भावजय जहांबाज. सासू बनाबाई तिला घाटावर घेऊन आली तेव्हा सासूच्याच डोळ्यांना धार लागली होती.

"ठकू, घरात माझं काही चालंना गं," एवढंच ती म्हणाली.

नाव सुटली. गजरा मांडीवर गाठोडं घेऊन बसलेली. तिच्याकडं बघून ठकूच्या मनात आलं, या पोरीला त्या भावजयीच्या दारात आपल्याच हातानं टाकायचं? भर धारेत तिनं वल्हं फिरवलं आणि नाव बेटाला लावली.

"उतर. आज काही म्हणता काही करायचं न्हाई."

पण हात ऐकतात होय? गजरा सवयीनं जांभळीखालचा पालापाचोळा झाडायला लागली. ठकू खवळली. "ठेव ते! रानाला कधी झाडलोट लागती का गं, बये?" गजरा ओशाळली, बुंध्याला टेकून बसली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. किती दिवसांनी, तिचं तिलाच ठाऊक.

आणि मग, असं म्हणतात, नदीचा आवाज थांबला. ऊन कलत गेलं, पण जांभळीची सावली गजरावरून तसूभर हलली नाही. पाण्यातून ओल्या केसांच्या सात बाया वर आल्या. ठकूनं पदर पसरला. "बायांनो, हिला ठेवून घेऊ नका. हिचं अजून सगळं व्हायचं हाय."

आसरांनी गजराला हातही लावला नाही. त्या तिच्या उशाशी बसल्या आणि त्या बाळासाठी रडल्या. घरात कुणी कुणाला रडू दिलं नव्हतं. त्या रडण्यानं गजरा जागी झाली आणि तिनं असा हंबरडा फोडला की झाडांवरची पाखरं उडाली. पोटभर रडली. डोळे पुसून बघते तर ठकूशिवाय तिथं कुणीच नाही.

निघताना ठकूनं काठ सोडला आणि घरातून निघताना आपण म्हणतो तसं सवयीनं म्हणून गेली, "येते गं, बायांनो."

"मावशी," मागून आवाज आला, "येते म्हणालात. आता परत यावं लागंल की."

ठकूनं वल्हं आडवं टाकून गजराकडं वळून पाहिलं. "बोललीस! अगं, बोललीस की! यावं लागलं तर येऊ. मेल्या सवयीनं शब्द देऊन बसले आता. बरं सांग, नाव कुठल्या काठाला लावू?"

गजरानं पलीकडं पाहिलं, मग अलीकडं. घाटाच्या दगडावर बनाबाई सकाळची तशीच उन्हात बसून होती.

"आत्याबाई उपाशी असतील," गजरा म्हणाली.

ठकूनं नाव माघारी वळवली. बनाबाईनं सुनेला कवेत घेतलं ते सोडेचना. पुरुष डोळे वटारून आले, तेव्हा गरीब गाय म्हणून ओळखली जाणारी बनाबाई कडाडली, "हिला पाठवायची असंल तर मला बी पाठवा. भाकरी तुमच्या तुम्ही थापा." पुरुष आल्या पावली माघारी फिरले आणि गजरा घरातच राहिली.

दिलेला शब्द ठकूनं पाळला. दर उन्हाळ्यात ती बेटावर जायची आणि गावातल्या थकल्याभागल्या बायांनाही न्यायची. पुरुष विचारायचे, तिथं करता तरी काय? ठकू म्हणायची, "काही न्हाई. त्याच्यासाठीच तर जातो." ती पार म्हातारी झाली तेव्हा एका सकाळी एकटीच नावेत बसली. त्या दिवशी घाट सोडताना ती 'येते' म्हणाली नाही, 'जाते' म्हणाली. गजरा पाण्यात धावली, "मावशी, असं म्हणू नये!" ठकू हसली आणि बेटाकडं निघून गेली. नाव तेवढी आपली आपण परत आली. ठकू आसरांची आठवी झाली, असं म्हणतात.

आजही जांभळं पिकली की करंजघाटच्या नव्या सुनेला पहिल्यांदा बेटावर नेते ती तिची सासू. त्या दिवशी घरचे पुरुष भाकरी थापतात, जमतील तशा वेड्यावाकड्या. सून जांभळीखाली निजते, सासू उशाशी बसते. तिला हाक मारायची नाही, हलवायचं नाही, ठकूची शपथ असते. कितीही उशीर होवो, ती आपणहून उठेल तेव्हाच नाव सुटते.