अर्ध्या वयाच्या पेशी

"डोळा रक्त का बनवत नाही?"

प्रश्न डॉ. शांतवन यांचा होता. ज्याला विचारला त्या प्रभंजन सरनोबतला तो पोरकट वाटला.

"डोळ्याचं ते कामच नाही, सर."

"रक्त हाडाच्या मगजात बनतं. तिथल्या पेशीत जी जनुकं आहेत, तीच डोळ्याच्या पेशीत आहेत. मग?"

"डोळ्यात ती बंद असतात." प्रभंजन सांगू लागला. "डीएनएवर रासायनिक खुणा असतात. प्रथिनं त्याला गच्च गुंडाळून ठेवतात. प्रत्येक पेशी आपल्या कामापुरती जनुकं उघडी ठेवते."

"आणि एखादं जनुक उघडायची वेळ झाली, हे तिला कोण सांगतं?"

"बाहेरून संकेत येतात. संप्रेरकं, जीवनसत्त्वं, शेजारच्या पेशी..."

"तू पाहिलंयस?"

"...वाचलंय."

सरांनी पुढची काच मायक्रोस्कोपखाली सरकवली.

साल त्र्याण्णव. कृष्णाकाठच्या एका गावातलं जुनं मिशन इस्पितळ. शांतवन सर तिथे चाळीस वर्षं रक्ताचे आजार बघत होते. सत्तरी उलटली तरी रोज सकाळी सायकलवरून यायचे. प्रभंजन मुंबईहून सुवर्णपदक घेऊन सहा महिने त्यांच्या हाताखाली शिकायला आला होता. इथे आपल्याला शिकण्यासारखं फारसं काही नाही, हे त्याने पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकलं होतं.

त्याच दुपारी अक्काताई माळवदे आली.

वय चौतीस. गावात पिठाची गिरणी चालवायची. आठ दिवसांपासून हिरड्यांतून रक्त येत होतं, थांबत नव्हतं. मांड्यांवर जांभळे डाग उठले होते. तोंडाला पदर धरून ती बाकावर बसली होती. पदर लाल झाला होता.

प्रभंजनने उभ्याउभ्याच तिच्या रक्ताची काच बघितली आणि दोन मिनिटांत वळला.

"रक्ताचा कॅन्सर, सर. झपाट्याने वाढणारा. कडक औषधं आजच सुरू करू. जितक्या मारता येतील तितक्या पेशी मारू."

सर मायक्रोस्कोपशी बसले. बराच वेळ.

"केवढ्या आहेत या?"

"आकाराने?"

"वयाने."

प्रभंजनने पुन्हा डोळा लावला. या वेळी जरा सावकाश.

"अर्धवट वाढलेल्या आहेत. आत लालसर काड्या... मोळी बांधल्यासारख्या."

"काय व्हायला निघाल्या होत्या?"

"पांढऱ्या पेशी. जंतू खाणाऱ्या."

"मग झाल्या का नाहीत?"

"...अडकल्या."

"मोठं व्हायला लागणारी जनुकं त्यांच्यात आहेत. पण दोन जनुकं तुटून चुकीची जोडली गेलीत. त्यातून बनलेलं प्रथिन बाकीच्यांवर ठाण मांडून बसलंय. उघडूच देत नाही." सर उठले. कपाटातून त्यांनी एक लहान डबा काढला. परदेशातल्या एका जुन्या विद्यार्थ्याने पाठवलेला. "या गोळ्यांनी ते उठतं म्हणतात."

प्रभंजनने डब्यावरचं नाव वाचलं.

"सर, हे 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं आहे. याने कॅन्सरची पेशी मरत नाही!"

"नाही मरत."

"मग?"

सर अक्काताईकडे गेले. औषध नवं आहे, इथे आजवर कुणाला दिलेलं नाही, हे त्यांनी तिला सरळ सांगितलं.

"तुमच्या आईला दिलं असतं का, डाक्टर?" तिने विचारलं.

"दिलं असतं."

"मग द्या. पोरगी दुसरीत हाय माझी. माझ्याबिगर जेवत न्हाई."

गोळ्या सुरू झाल्या. बाहेरचं रक्तही चढवलं. पाचव्या दिवशी हिरड्या कोरड्या झाल्या. प्रभंजनने ते चढवलेल्या रक्ताच्या नावावर टाकलं.

नवव्या दिवशी सकाळी अक्काताईला धाप लागली.

ताप होता. पाय सुजले होते. प्रभंजनने प्रयोगशाळेचा कागद दोनदा वाचला. पांढऱ्या पेशी चार हजारांवरून एकतीस हजारांवर गेल्या होत्या.

त्याने सरांची वाट पाहिली नाही. कडक औषधाची बाटली काढली, सुई भरायला घेतली. सर वॉर्डात शिरले तेव्हा सुई त्याच्या हातात होती.

"आपण त्यांना पोसतोय, सर! नऊ दिवस पोसतोय! गोळ्या बंद करा, नाहीतर ही बाई आजच जाईल."

अक्काताईने ते ऐकलं. ती बोलू शकत नव्हती. तिने फक्त खाटेची कड घट्ट धरली.

सरांनी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. सिस्टरला ऑक्सिजन लावायला सांगितला, सूज उतरवणारं इंजेक्शन द्यायला सांगितलं. मग तिच्या कपाळावर हात ठेवला.

"अक्काताई, या औषधाने असं होतं, ते मला माहीत होतं. त्यावरचं इंजेक्शन दिलंय. घाबरू नका."

मग ते प्रभंजनकडे वळले.

"आजच्या रक्ताची काच बघितलीस?"

"आकडा बघितला."

"काच?"

"वेळ कुठंय, सर?"

सर प्रयोगशाळेत गेले. मायक्रोस्कोपपुढची आपली खुर्ची त्यांनी मागे ओढली आणि स्वतः बाजूला उभे राहिले. त्या खुर्चीवर त्यांच्याशिवाय कुणी बसत नसे.

प्रभंजन हातात सुई घेऊनच मागोमाग आला होता. क्षणभर थांबला. सुई ट्रेमध्ये ठेवली आणि बसला.

काच पेशींनी गच्च भरली होती. पण या पेशी अर्धवट नव्हत्या. प्रत्येकीच्या पोटातल्या गोल केंद्रकाला आता तीन-चार पाकळ्या फुटल्या होत्या. निरोगी माणसाच्या रक्तात असतात, तशा.

"या... चांगल्या पेशी आहेत. हाडातला मगज सुधारला? नव्या आल्या?"

"नीट बघ."

त्याने काच हलवली. एका पेशीवर थांबला.

पूर्ण वाढलेली पेशी होती. आणि तिच्या पोटात लालसर काडी होती.

दुसरीकडे गेला. तिच्यातही.

"सर... काडी फक्त कॅन्सरच्या पेशीत असते."

"हो."

"म्हणजे या त्याच आहेत."

"त्याच."

"पण या तर..." पुस्तकातली सगळी वाक्यं त्याला पाठ होती. बंद जनुकं, उघडणारी जनुकं. ती इथे, एका काचेवर, एका बाईच्या रक्तात उघडलेली दिसत होती. आणि ट्रेमधली सुई याच पेशींसाठी भरलेली होती.

तो उठला तेव्हा सर वॉर्डात निघून गेले होते.

संध्याकाळी धाप कमी झाली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी अक्काताईने भाकरी मागितली. महिनाभराने तिच्या हाडातल्या मगजाची तपासणी केली, तेव्हा काड्यांची एकही पेशी सापडली नाही.

उपचार अजून खूप बाकी होते. त्यात मारणारी औषधंही होती. ती सरांनी कधीच नाकारली नव्हती, फक्त त्यांची पाळी नंतर आणली होती.

इस्पितळातून सुट्टी मिळाली त्या सकाळी नवरा तिला न्यायला आला. ती प्रभंजनपुढे उभी राहिली.

"त्या दिशी तुम्ही लई घाबरला हुता, डाक्टर."

"हो, अक्काताई. चुकत होतो मी."

"असू द्या. मी बी घाबरले हुते." ती हसली. "मेल्या न्हवं त्या समद्या?"

"आता एकही दिसत नाही. पण औषधं चुकवायची नाहीत. दर महिन्याला यायचं."

ती गेली. प्रभंजन प्रयोगशाळेत आला. सर खिडकीशी उभे राहून चष्मा पुसत होते.

"सर, एक विचारू?"

"विचार."

"त्या पेशी मोठ्या झाल्या. मी डोळ्यांनी बघितल्या. पण मग गेल्या कुठं?"

"जंतू खाणारी पांढरी पेशी पूर्ण वाढली की रक्तात किती काळ टिकते?"

"फार तर दिवसभर." तो थांबला. "म्हणजे शेवटी मेल्याच त्या."

"मेल्या."

"मी त्यांना मारायलाच निघालो होतो, सर. मग आपण वेगळं काय केलं?"

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्याच्याकडे बघितलं.

"आपण त्यांना मरायच्या वयाला पोचवलं."