तोंड पुसलेली बाहुली

"सून आणली की मुकी बाहुली, काही कळेना बाई! नुसतं नाव विचारलं तरी घुटमळते."

असं एक राणी स्वयंपाकघरात दूध तापवता तापवता म्हणाली. दाराआड तिची नवी सून उभी होती. तिनं ते ऐकलं आणि पदर सावरून तशीच मागे फिरली. न बोलण्यात ती पहिल्यापासून हुशार. हं, पांघरूण घ्या नीट आणि ऐका.

तर त्या राज्यात अशी रीत होती, की लग्नात ताटभर तांदूळ पसरायचे आणि नवऱ्या मुलानं अंगठीनं त्यावर नवरीचं नवं नाव लिहायचं. राजपुत्रानं लिहिलं, राजलक्ष्मी. ताट लहान, नाव मोठं. शेवटचं अक्षर काठावर चढलं. सगळ्यांनी कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी तेच तांदूळ शिजले, सगळे पोटभर जेवले. आणि बरं का, सुनेनं आपलं जुनं नाव आठवून पाहिलं, तर आठवेचना! नवं अजून अंगाला बसलं नव्हतं आणि जुनं हरवलेलं. मग ती घुटमळणार नाही तर काय? आईला विचारावं, तर माहेर डोंगरापल्याड.

मग एके दुपारी सगळा राजवाडा घोरत होता, तेव्हा बोहारीण आली. जुने कपडे घ्यायचे, त्याची भांडी द्यायची, हा तिचा धंदा. सुनेनं माहेरचा जांभळा परकर काढला.

"पातेलं घ्या, सूनबाई. जाड बुडाचं आहे."

पण सुनेला गाठोड्यातून डोकावणारी एक बाहुली दिसली. बारीक कमर, लांब पाय, मोठी शहरी ऐट. आणि केसांच्या मात्र जटा!

"मला ही द्या."

"अगं बया! पातेलं सोडून हे ध्यान?"

मग सुनेनं रिठ्याच्या पाण्यात ते केस भिजवले. आधी टोकं विंचरली, मग वर, मग आणखी वर. मग त्यावर कढत पाणी ओतलं. केस कसे रेशमासारखे सरळ झाले! मग झगा हवा. राजवाड्यात हळदीकुंकवाचे ब्लाउजपीस होते ढीगभर, या घरातून त्या घरात फिरणारे, कुणीच कधी न शिवलेले. त्यातला एक सुनेनं शिवला. लोक बाहुलीला नाव देतात. सुनेनं दिलं नाही. तिनं विचारलं, "तुझं नाव काय गं?"

आणि बाहुली बोलली! "पिंगी. घरोघर मला नवी नावं मिळाली, पण पहिल्या मुलीनं पिंगी म्हटलं होतं."

"आणि माझं गं?"

"ते मला काय ठाऊक, बाई?"

मग बोहारीण पुन्हा आली. सुनेनं माहेरची ओढणी दिली आणि लंगडी बाहुली घेतली. तिचा पाय सारखा निखळायचा. पायाच्या खुंटीला दोरा गुंडाळला, पाय घट्ट बसला. तिचं नाव निघालं हौसा. पण सुनेचं नाव तिलाही ठाऊक नव्हतं.

मग बोहारीण पुन्हा आली. आता सुनेकडे माहेरची एकच गोष्ट उरली होती, आईच्या साड्यांची गोधडी. रोज ती नाकावर ओढून झोपायची. आणि गाठोड्यात होती एक टकली बाहुली. डोळे पुसलेले, ओठ पुसलेले.

बोहारीण म्हणाली, "हिला तर तोंडच नाही. सूनबाई, चांगला डबा घ्या की!"

पण बाहुलीचा एक हात वर होता. कडेवर घे म्हणावं, तसा. सुनेनं गोधडी एकदा हुंगली, आणि दिली.

मग तिनं आपल्या वेणीतले केस कापून बाहुलीला लावले. काडीला दोन केस बांधून कुंचला केला. काजळानं डोळे काढले. डिंकाच्या पाण्यात कुंकू कालवून ओठ रंगवले. ओठ वाळले मात्र, आणि आवाज आला, "गोदूऽऽ! दिवा लागला गं, घरी ये!"

अगदी आईचा आवाज!

"अशी हाक यायची," बाहुली म्हणाली. "तेव्हा मी तुझ्याच काखेत असायचे. तू नांदायला गेलीस. मला बघितलं की आईला रडू यायचं, म्हणून तिनं मला बोहारणीला देऊन टाकलं."

सुनेनं तिला इतकं घट्ट धरलं, की ओठांचा रंग पदराला लागला. मग म्हणाली, "पुन्हा एकदा हाक मार." मग पुन्हा. मग पुन्हा.

मग शुक्रवारी राजवाड्यात हळदीकुंकू होतं. गावातल्या बायका जमल्या. एकीनं विचारलं, "सूनबाई, नाव काय गं तुझं?"

राणीच घाईनं म्हणाली, "राजलक्ष्मी हो. ती काही बोलायची नाही!"

आणि सून बोलली. राणीच्या हातातला कुंकवाचा करंडा तसाच राहिला. तिनं कपाळाला आठी घातली, मग ती आठी गेली, आणि बराच वेळ ती खिडकीतून डोंगराकडे बघत बसली. मग सुनेला जवळ घेऊन तिच्या कानात हळूच काहीतरी सांगितलं. पुढं दुपारी दोघी मिळून बाहुल्या विंचरू लागल्या. माहेर काही जवळ आलं नाही, ते डोंगरापल्याडच राहिलं. पण बाकी सगळं गोड झालं, सगळे सुखात राहिले. आता तुम्ही मिटा डोळे.

काय म्हणता? सून काय बोलली? बरं, एवढं ऐका आणि झोपा. ती म्हणाली, "मी गोदा. आणि सासूबाई, तांदळावर लिहायच्या आधी तुमचं काय नाव होतं हो?"