खारट वाळूची बातमी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारं कोणी उरलेलं नाही, आणि ते कळलं नाही म्हणून तुमचं काही अडणारही नाही. लहानांनी ऐकावी. मोठ्यांनी तर ऐकावीच, कारण यातली चूक लहान माणसांच्या हातून होत नाही.

एका मोठ्या नदीच्या मुखाशी एक नगर होतं. तिथे समुद्रापलीकडून एक तरुण येऊन उतरला. त्याच्या देशात एक डोंगर सदा धुमसत असे. डोंगराच्या उतारावर द्राक्षाचे वेल होते, आणि घरात भाऊ इतके, की वाटणीला वेलाची एकेक ओळ यायची. एका ओळीवर काही संसार होत नाही. तो निघाला तेव्हा त्याच्या बोचक्यात एक चादर आणि अर्धी भाकर होती.

नगरात त्याची भाषा कोणाला येत नव्हती आणि नगराची त्याला येत नव्हती. पण टोपली उचलायला भाषा लागत नाही. धक्क्याला वाळूच्या नावा लागत, त्या रिकाम्या करायला तो लागला.

समुद्रपारचे लोक भाकर तेलात बुडवून खात, म्हणून नगरातले लोक त्यांना 'तेलबुडवे' म्हणत. कोणी म्हणे, "ए तेलबुडव्या, सरक तिकडे." हा सरके, आणि चार शब्द शिकल्यावर हसून म्हणे, "तेलातच बुडवतो ना, तुमच्या ताटात तर नाही."

आता वाळूचं एक सांगते. नदीची वाळू गोडी, खाडीची खारी. दिसायला दोन्ही सारख्या. पण खाऱ्या वाळूच्या भिंतीला लोणा लागतो. वर्षभरात तिच्यावर पांढरी भुकटी फुलते, चुना सुटतो आणि भिंत आतून भुरभुरत जाते. डोळ्यांना हे आधी कळत नाही. म्हणून हा तरुण प्रत्येक नावेतली चिमूटभर वाळू जिभेवर ठेवी. खारट लागली की नाव परत. नावाडी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, पण गवंडी त्याचीच वाळू मागू लागले. बारा वर्षं गेली आणि धक्क्यावरच्या निम्म्या नावा त्याच्या झाल्या. कोणी दिल्या नाहीत, त्याने मिळवल्या. नगरात जे जे उभं राहिलं, त्यात त्याची वाळू होती. लोक त्याला वाळूशेठ म्हणू लागले.

एके दिवशी राजाने दवंडी पिटवली: दुपारी खाणीत सुरुंग लावणार आहेत, सर्वांनी दूर व्हावं. दवंडी नगराच्या भाषेत होती. खाणीत तीन तेलबुडवे दगड फोडत होते. त्यांनी ढोल ऐकला, कुणाचं लग्न असेल म्हणाले, आणि काम चालू ठेवलं.

तिघांची प्रेतं वाळूशेठने आपल्याच नावेतून नेली. पुढच्याच महिन्यात त्याने एक छापखाना घेतला.

लोक हसले. वाळूवाल्याला छापण्यातलं काय कळतं? खरं आहे, काही कळत नव्हतं. त्याला स्वतःला सहीपुरतंच लिहिता येई. पण ज्याला वाचता येत नाही, त्यालाच न वाचण्याची किंमत ठाऊक असते. शिकलेल्यांना ती कधी कळायची नाही. त्या तिघांपैकी एकाची विधवा शाळामास्तराची मुलगी होती, तिला दोन्ही भाषा येत. तिला त्याने छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला ठेवलं. महिन्याभरात वर्तमानपत्र तीच लिहू लागली, तीच छापू लागली, आणि सगळे तिला जुळारीणबाई म्हणू लागले. पानाच्या डाव्या अंगाला समुद्रपारची भाषा, उजव्या अंगाला नगराची. रोज संध्याकाळी भाकरीच्या भट्टीसमोरच्या बाकावर उभी राहून ती वर्तमानपत्र मोठ्याने वाची. आधी तेलबुडवे जमले. मग उजव्या अंगाचं ऐकायला नगरातले लोकही येऊ लागले.

छापखान्याचा नियम एकच होता. चूक दिसली की छापायची, कोणाची आहे ते विचारायचं नाही. एका लाकूडवाल्याने पुलाला किडकं लाकूड दिलं, तर त्याचं नाव या पानावर आलं. पूल उतरवला गेला. लाकूडवाला राजाचा मेहुणा होता, तरीही.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

तेलबुडव्यांच्या मुलांना नगरातल्या शाळांत घेत नसत. आठ वर्षं जुळारीणबाईने दर आठवड्याला पानाच्या तळाशी एकच ओळ छापली: "आमची मुलं अजून बाहेर आहेत." आठ वर्षांनी राजा म्हणाला, "बरं, नदीकाठी नवी शाळा बांधा. सगळ्यांची मुलं एकत्र बसतील." प्रधानाला ते मुळीच रुचलं नाही. पण राजापुढे नाही म्हणता येईना, म्हणून त्याने एक अट घुसवली. "शाळा पाडव्याला उघडली पाहिजे, महाराज. पाडवा चुकला तर परवानगी संपली."

बांधकाम सुरू झालं. ठेका वाळूशेठचा, आणि वाळूही अर्थात त्याचीच. पण एव्हाना त्याला दरबारात आसन मिळालं होतं. रेशमी अंगरखा आला होता. आज या सरदाराकडे जेवण, उद्या त्या सरदाराकडे. धक्क्यावर त्याचा आतेभाऊ मुकादम होता, तो पाहून घेई. माणूस वाईट झाला नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते. मोठा झाला होता, एवढंच. त्यानेही बरंच बिघडतं.

पाडव्याला महिना उरला असताना बांधकामावरचा म्हातारा गवंडी त्याच्या दारी आला.

"शेठ, जरा भिंत बघायला याल का?"

"उद्या येतो, मिस्त्री. आज प्रधानांकडे जेवण आहे."

"भिंतीला जेवणावळ कळत नाही," गवंडी म्हणाला आणि दारातच उभा राहिला.

वाळूशेठ गेला. गवंड्याने भिंतीवरून अंगठा फिरवला. सांध्यातली वाळू पिठासारखी गळली. कोपऱ्यात पांढरं फुललं होतं. वाळूशेठने चिमूट जिभेवर ठेवली आणि खाली बसला.

त्याने मुकादमाला बोलावलं. "खाडीच्या किती नावा?"

"सात," आतेभाऊ म्हणाला. "नदी आटली होती, दादा. वर नाव जाईना. पाडवा जवळ आलेला. तुम्ही रोज चाखायचात तेव्हा माझी छाती झाली नसती. यंदा तुम्ही एकदाही धक्क्यावर आला नाहीत."

वाळूशेठने त्याच्यावर हात उगारला नाही. कशाच्या जोरावर उगारणार?

संध्याकाळी तो छापखान्यात गेला, तर जुळारीणबाई हातात खिळ्यांची रिकामी चौकट धरून बसलेली. गवंडी तिला आधीच भेटून गेला होता. समोर भट्टीवाले आजोबा होते, तेलबुडव्यांमध्ये सगळ्यांत वडील. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मालक, पहिल्या पानावर जागा ठेवली आहे," ती म्हणाली.

"जागा झाकून टाक, पोरी," आजोबा म्हणाले. "घरातलं उणं कोणी चव्हाट्यावर मांडतं का? आठ वर्षं भीक मागितल्यासारखी ही शाळा मागितली. आता आपणच म्हणायचं की आमच्याच माणसाने खोटी वाळू घातली? प्रधान टपूनच बसलाय. उद्या सगळं नगर म्हणेल, बघा, तेलबुडवे ते तेलबुडवेच."

"लाकूडवाल्याची बातमी वाचली तेव्हा बाकावर उभं राहून टाळ्या तुम्हीच वाजवल्या होत्यात, आजोबा."

"तो आपला नव्हता."

"पूल पडला असता तर खालच्यांना आपला-परका विचारून पडला असता?"

आजोबांनी तिचा नाद सोडला आणि वाळूशेठकडे वळले. "पोरा, माझं ऐक. माझी नात सात वर्षांची झाली. हाही पाडवा गेला तर ती माझ्यासारखीच अंगठा उठवत जन्म काढील. गवंडी म्हणतो, भिंत तीन-चार पावसाळे काढेल. तेवढ्यात मुलं चार अक्षरं शिकतील. मग सुट्टीत गुपचूप पाडू आणि नव्याने बांधू. कोणाला कळणार आहे?"

हे बोलणं खोटारड्याचं नव्हतं. आजोबांच्या पोटातलं होतं. वाळूशेठने विचारलं, "आजोबा, तुमची नात वर्गात कुठे बसवाल?"

"म्हणजे?"

"भिंतीजवळ, की मधोमध?"

आजोबांच्या तोंडून निघून गेलं, "मधोमध." आणि निघून गेल्यावर त्यांनी मान खाली घातली.

"मग भिंतीजवळ कोणाची बसवायची?" वाळूशेठने विचारलं.

त्याने अंगरखा काढून खुंटीला टांगला आणि सांगू लागला. जुळारीणबाई खिळे जुळवू लागली. "शाळेच्या दोन भिंती खाऱ्या वाळूच्या आहेत. वाळू माझी आहे. ती चाखणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. पाडव्याला ही शाळा उघडू नये."

"नाव केवढ्या अक्षरांत घालू?"

"लाकूडवाल्याचं केवढ्या होतं?"

"माझ्याकडच्या सगळ्यांत मोठ्या."

"मग तीच काढा."

दुसऱ्या दिवशी जे व्हायचं ते झालं. प्रधानाने पेढे वाटले असं म्हणतात. मी पाहिले नाहीत, पण त्याचा स्वभाव बघता वाटलेच असतील. परवानगी गेली. दरबारातलं आसन गेलं. छापखान्याच्या खिडक्यांवर नगरातल्या लोकांनी दगड मारले, आणि भट्टीसमोरचा बाक त्याच्याच लोकांनी रिकामा टाकला. एका बाईने रस्त्यात वाळूशेठला अडवून विचारलं, "खरा माणूस म्हणून नाव झालं ना तुमचं? आमच्या पोरांचं काय केलंत?" खरं बोलल्याने लगेच भलं होतं असं जे सांगतात, त्यांनी एकदा तरी खरं बोलून बघावं.

पण एक ऐका. दरबार सुटला तरी भिंती सुटत नाहीत. वाळूशेठने स्वतः पहार उचलली आणि दोन्ही भिंती पाडल्या. मुकादम न सांगता शेजारी येऊन उभा राहिला आणि त्यानेही पहार घेतली. नदीच्या वरच्या अंगाची वाळू आणली. चाळून, धुऊन, चाखून घेतली. सोबतीला तो म्हातारा गवंडी. नदी पुन्हा आटली तसं काम थांबलं, पाणी आलं तसं पुन्हा चाललं. जुळारीणबाई रोज संध्याकाळी रिकाम्या बाकावर उभी राहून वाचत होती. डाव्या अंगाचंही आणि उजव्या अंगाचंही. एकदा समोर फक्त एक गाढव होतं. तिने त्यालाही पूर्ण पान वाचून दाखवलं.

पुढच्या पाडव्याच्या आधी शाळा पुरी झाली. दाराला राजाचं कुलूप होतं. प्रधान दरबारात म्हणाला, "महाराज, इमारत रिकामीच आहे. राजवाड्याचं धान्य ठेवायला घेऊ. कोणाची हरकत?"

सरदारांची नव्हती, सभेत बसलेल्या ठेकेदारांचीही नव्हती. सभेच्या टोकाला नगरातली एक कुंभारीण माठ पोचवायला आली होती. तिने डोक्यावरचा माठ खाली ठेवला. ही बाई काही तेलबुडव्यांची मैत्रीण नव्हती. छापखान्याच्या खिडकीवर पहिला दगड तिच्याच हातचा होता.

"माझी हरकत आहे," ती म्हणाली.

प्रधान हसला. "तुझी? तुला परक्यांचा पुळका कधीपासून?"

"पुळका नाही, महाराज. माझी दोन पोरं आहेत. मोठं ज्या शाळेत जातं, तिथल्या भिंती कशा आहेत म्हणून मी विचारायला गेले. ठेकेदार म्हणाला, पक्क्या. दुसऱ्या शाळेवर गेले, तोही म्हणाला, पक्क्या. या नगरात पंधरा ठेकेदार आहेत. चौदा जण म्हणतात, आमची भिंत पक्की. आजवर एकानेच सांगितलं, माझी कच्ची आहे, पोरं आत घालू नका. आता तोच म्हणतो, पक्की झाली." ती क्षणभर थांबली. "मी आई आहे. तुम्हीच सांगा, पोरं कोणाच्या भिंतीखाली ठेवू?"

राजाने त्या चौदांकडे पाहिलं. चौदाही जण आपापले जोडे बघत होते. राजाने प्रधानाला काही विचारलं नाही. किल्ली मागवली आणि कुंभारणीच्या हातात दिली.

पाडव्याला शाळा उघडली. एकाच बाकावर तेलबुडव्यांची आणि कुंभाराची मुलं बसली आणि पहिल्याच दिवशी पाटीवरून भांडली. शाळा अशीच सुरू व्हावी लागते.

आणि त्याच महिन्यात छापखान्याच्या दारात एकामागून एक नऊ ठेकेदार येऊन उभे राहिले. कोणी टोपी हातात घेऊन, कोणी तोंड लपवून. एकाचा वाडा कच्चा, एकाचं कोठार, एकाच्या विहिरीचा कठडा. "बाई," ते म्हणत, "आमचंही तेवढं छापा. लोक विचारायला लागलेत." जुळारीणबाईला मोठी अक्षरं कमी पडू लागली. नवी ओतून घ्यावी लागली.

बोध: जो आपली चूक आपल्या तोंडाने सांगतो, त्याच्याच शब्दाखाली लोक आपली मुलं निर्धास्त ठेवतात.